वाचकांचे प्रश्न : लिटमसऐवजी नाक

प्रश्न : नववीच्या वर्गात एक पूर्ण दृष्टिहीन मुलगी आहे. आम्ल-आम्लारी ओळखण्याच्या प्रयोगात जोडीदार रंग सांगतो, ती ब्रेलमध्ये नोंदवते. तिला स्वतः प्रयोग करता येईल का? वेगळा निधी नाही.
– विज्ञान शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : येईल. किराणा दुकानातला व्हॅनिला इसेन्स पुरतो. त्यातल्या व्हॅनिलिन या सुवासिक घटकाचे आम्लारीत आयन (विद्युतभारित कण) होतात. आयन हवेत उडत नाहीत, म्हणून वास जातो. आम्ल घातले की परत येतो.

खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्या. ही झाली आम्लारी. एका परीक्षानळीत 5 मिली निवळी, दुसरीत 5 मिली पाणी. दोन्हींत इसेन्सचे 2-2 थेंब. हलवून, हाताने वारा घेत वास घ्यायचा, नाक नळीवर टेकवायचे नाही. निवळीच्या नळीत मग लिंबूसत्वाचे पाणी (100 मिलीत 5 ग्रॅम) 2 मिली घाला. इथे व्हिनेगर नको, त्याचाच वास सगळ्यांवर मात करतो. निवळीही ताजीच हवी. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती कमजोर होते. इसेन्स जास्त पडला तर त्यातल्या अल्कोहोलचा वास गोंधळ घालतो. लवंग तेलही चालते, पण खाण्याच्या सोड्याने त्याचा वास जात नाही, तो सोडा त्यासाठी फारच सौम्य. तीन-चार वेळा हुंगल्यावर नाक थकते, मध्ये मिनिटभर थांबा. संरक्षक चष्मे सगळ्यांनाच.

मोजमाप मात्र जोडीदाराच्या हाती देऊ नका. 10 मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या. दट्ट्या 5 मिलीवर आणा आणि सिरिंजच्या नळीच्या काठाशी दट्ट्याच्या दांड्यावर ब्लेडने खाच पाडा (हे काम मोठ्यांचे). खाच बोटाला लागली की माप झाले. 2 मिलीसाठी दुसरी सिरिंज ठेवा, एकाच दांड्यावर दोन खाचा चाचपताना चूक होते.

प्रयोग अख्ख्या वर्गाला करू द्या. लाल-हिरवा फरक नीट न कळणारा एखादा मुलगा वर्गात असू शकतो, आणि वैश्विक दर्शकाच्या (आम्ल-आम्लारीच्या तीव्रतेप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाच्या) नारिंगी-हिरव्या छटांत तो चुकतो तेव्हा आपण त्याला निष्काळजी ठरवतो.

सामू (pH), म्हणजे आम्ल किंवा आम्लारी किती तीव्र, हे वास सांगत नाही. तिथे pH कागदाच्या पट्टीचा रंग जोडीदाराने वाचावा. पट्टी बुडवणे आणि निष्कर्ष तिचा.