माणसाच्या स्वभावावरून कळतं का की गेममध्ये तो सहकार्य करेल की डाव साधेल?

कळतं, पण अर्धवटच. समजा मला 100 रुपये दिले आणि सांगितलं की यातले समोरच्याला किती द्यायचे ते तूच ठरव, तो काही बोलू शकत नाही, हा डिक्टेटर गेम. आता तोच खेळ, पण समोरचा नको म्हणाला तर दोघांनाही भोपळा, हा अल्टिमेटम गेम. ज्यांच्यात प्रामाणिकपणा-नम्रता (हेक्साको, म्हणजे स्वभाव सहा गुणांत मोजणाऱ्या मॉडेलमधला एक गुण) जास्त ते साधारण दोन्ही खेळांत सारखेच पैसे देतात, आणि ज्यांच्यात कमी ते बहुतेक दुसऱ्या खेळातच हात सैल सोडतात कारण तिथे नकाराची भीती ना, म्हणजे चांगुलपणा नाही, सरळ हिशोब!

मनमिळाऊपणा मात्र वेगळा हां, लोक दोन्हीची गल्लत करतात. तो दिसतो समोरच्याने कमी दिलं तरी खुन्नस न धरण्यात.

आणि खेळ पुन्हा पुन्हा असेल तर गणितच बदलतं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉडने 1980 च्या सुमारास घेतलेल्या कॉम्प्युटर स्पर्धेत (तिथला खेळ वेगळा, दर फेरीत साथ द्यायची की दगा हे ठरवायचं) 'जशास तसे' वागणारा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम जिंकला, आता त्याला कसला आलाय स्वभाव.