डोकेदुखी आधी की झोपमोड आधी?

ताई, तुम्ही लिहिलंय की वर्षभर आठवड्यातले चार दिवस डोकं दुखतं, रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही, मग मूळ कशात? माझी अर्धशिशी जुनी आहे, म्हणून सांगते, या कोड्यात अडकू नका. दुखलं की झोप उडते आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी जराशा उन्हाचं निमित्तही पुरतं.

त्यापेक्षा दुखणं किती वाजता सुरू होतं ते महिनाभर लिहा. उठतानाच दोन्ही बाजूंनी डोकं दाबल्यासारखं असेल, चार तासांत आपोआप उतरत असेल आणि घोरणंही असेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासायला हवं. घोरण्याचं घरच्यांना विचारा, आपल्याला पत्ता नसतो. जबडा आंबलेला वाटत असेल तर रात्री दात खाता का, हेही पाहा.

गोळ्यांचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय, माझी खरी शंका तिथंच आहे. साधं पॅरासिटामॉल महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, मिश्र गोळ्या (एकीत दोन-तीन औषधं) किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरची गोळी) 10 दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. शिवाय सॅरिडॉनसारख्या गोळीत कॅफीन असतं. ते निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला गोळी, वर चहा, मग एकपर्यंत टक्क जागं राहण्याचं नवल ते काय! गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच कमी करा, सुरुवातीचे दिवस दुखणं वाढतं.

झोपेकडूनही सुरुवात करता येते. 2007 मध्ये अमेरिकेत कॅलहून आणि फोर्ड या संशोधकांनी जुनाट मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्या, 43 बायकांवर एक छोटा अभ्यास केला. झोपेची वेळ ठरलेली, अंथरुणात टीव्ही-वाचन बंद, दुपारची डुलकी बंद, जेवण झोपण्याआधी चार तास, अशा सवयी लावल्यावर अनेकींची डोकेदुखी अधूनमधूनची झाली. साडेनऊला पानं घेणाऱ्या आपल्या घरांत ते चार तास कुठून आणायचे, देव जाणे. मी एकच धरून बसले आहे: उठायची वेळ रविवारीही तीच.

डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलीनची छोटी मात्रा दिली तर ‘नैराश्याची गोळी’ म्हणून दचकू नका, डोकेदुखी रोखायला ती वर्षानुवर्षं दिली जाते. पण अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, किंवा दुखण्यासोबत ताप, बोबडी वळणं किंवा हातापायातली ताकद जाणं असलं, तर हे सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.