वाचकांचे प्रश्न: सावत्र मुलासाठी आरएफई आली, आता काय पाठवू?

प्रश्न: नमस्कार, मी अमेरिकन सिटिझन आहे. २०२० मध्ये माझं दुसरं लग्न झालं, बायकोला पहिल्या लग्नातला मुलगा आहे, तेव्हा तो १५ चा होता. बायकोचं ग्रीन कार्ड झालं, मग मुलासाठी मी आय-१३० (नातेवाइकासाठीचा इमिग्रेशन अर्ज) भरला तर आता यूएससीआयएस या अमेरिकन इमिग्रेशन खात्याकडून आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस आलीये. आम्हा दोघांचेही आधीचे घटस्फोट सिद्ध करा म्हणतायत आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळं आहे त्याचा खुलासा मागितलाय. मुलगा लवकरच २१ चा होईल. आम्ही फोटो, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅप चॅट असा मोठा गठ्ठा तयार केलाय, पाठवून देऊ का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: थांबा, गठ्ठा नको. आधी नोटीस परत एकदा सावकाश वाचा, कारण तुम्हीच लिहिलंय की त्यांनी दोनच गोष्टी मागितल्यात आणि त्या दोन्ही तुमच्या गठ्ठ्यात नाहीत! हे फार जणांचं होतं, आरएफई आली की घाबरून आपण किती प्रेमाने राहतो ते दाखवायला लागतो. नोटीसमध्ये लग्न खरं आहे का असं विचारलं असतं तर फोटो आणि जॉइंट अकाउंट कामाचे होते. तुम्हाला ते विचारलेलं नाहीये.

सावत्र मुलाच्या केसमध्ये ऑफिसर एवढंच बघतो की हा मुलगा या बाईचा आहे, ही बाई तुमची कायदेशीर बायको आहे, लग्नाच्या दिवशी तुम्ही दोघंही लग्नाला मोकळे होतात, आणि ते लग्न मुलगा १८ चा व्हायच्या आत झालं. यातला एक कागद कमी पडला की पुढचं सगळं अडतं. मुलगा तुमच्याजवळ किती वर्षं राहिला, तुम्ही त्याची फी भरली का, यावर सावत्र नातं ठरत नाही, बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने १९८१ मध्येच मॅकमिलन केसमध्ये ते स्पष्ट केलंय.

घटस्फोटाचं म्हणाल तर कोर्टाच्या अंतिम डिक्रीची सर्टिफाइड कॉपी काढा, तुमची इथल्या कोर्टातून, बायकोची तिकडच्या कोर्टात नकलेचा अर्ज टाकून. म्युच्युअल कन्सेंटचा (परस्पर संमतीचा) अर्ज किंवा पहिल्या मोशनचा, म्हणजे कोर्टातल्या पहिल्या टप्प्याचा कागद म्हणजे घटस्फोट नाही, लोक तोच जोडून मोकळे होतात. आणि आधीची लग्नं एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाचा शेवट दाखवावा लागतो, मग तो घटस्फोट असो की मृत्यूचा दाखला.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी आहे. माहेरी मधलं नाव वडिलांचं, पहिल्या लग्नानंतर पहिल्या नवऱ्याचं, आता तुमचं, आडनावं तीन, आणि सासरी पहिलं नावही बदललं असेल तर विचारूच नका. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही पण अमेरिकन ऑफिसरला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. म्हणून एका पानावर साधं स्टेटमेंट लिहा, कोणतं नाव कधीपासून कधीपर्यंत, आणि प्रत्येक बदलाला एक कागद लावा: शाळा सोडल्याचा दाखला, पहिल्या लग्नाचा दाखला, जुना पासपोर्ट, राजपत्रात नाव छापून आलं असेल तर ते. नुसतं अ‍ॅफिडेव्हिट पाठवून भागवू नका, त्याला जुन्या सरकारी कागदाचा आधार लागतो. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, सारांश चालत नाही, आणि खाली भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. नोटरी लागत नाही. एवढं सगळं करूनही त्यांची आई-मुलाच्या नात्याबद्दल शंका राहिली तर ते डीएनए टेस्ट सुचवू शकतात, ती आईची आणि मुलाची, तुमचा त्यात काही संबंध नाही.

आता मुदत. जास्तीत जास्त ८४ दिवस असतात, पोस्टाने नोटीस आली तर अमेरिकेत ३ दिवस वर, पण तुम्ही नोटीसवर छापलेली तारीखच धरा. त्या तारखेला उत्तर त्यांच्या हातात पोचलेलं पाहिजे, नुसतं पोस्टात टाकून उपयोग नाही, आणि मुदतवाढ मिळत नाही. मुख्य म्हणजे उत्तर एकदाच जातं. आज डिक्री पाठवतो, नावाचे कागद पुढच्या महिन्यात, असं केलंत तर आहे त्या कागदांवर निकाल लावा असंच ते समजतात. कागदावर भरलेली केस असेल तर मूळ नोटीस सगळ्यात वर ठेवा आणि नोटीसवरच्या पत्त्यावरच पाठवा.

२१ ची काळजी मात्र सोडा. सिटिझनने भरलेल्या केसमध्ये मुलाचं वय आय-१३० भरला त्या दिवशी थांबतं, फक्त ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत त्याने लग्न करायचं नाही. पण ही केस नाकारली गेली आणि २१ नंतर नव्याने भरली तर तो एफ-१ च्या, म्हणजे सिटिझनच्या २१ वरच्या अविवाहित मुलांच्या रांगेत जातो, म्हणजे वर्षानुवर्षं वाट बघणं आलं. तेव्हा हे उत्तर नीट द्या.

प्रश्न: माझा पहिला घटस्फोट गावात बैठकीत झाला, स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का आहे, कोर्टात आम्ही गेलोच नाही. आता नवरा माझ्या मुलीसाठी पिटिशन करतोय आणि आरएफईत डिक्री मागितलीये. – एक वाचक, टेक्सास

उत्तर: ताई, खरं सांगते, हे अवघड आहे. हिंदू विवाह कायद्यात नोटरीच्या कागदाने घटस्फोट होत नाही. अपवाद एकच, कलम २९(२), तुमच्या समाजात काडीमोडाची जुनी आणि अखंड चालत आलेली रूढी असेल तर ती मान्य होते, पण रूढी आहे हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं, जाणत्या माणसांची अ‍ॅफिडेव्हिट्स आणि जमलं तर कोर्टाकडून तसं जाहीर करून घेतलेला हुकूम. तो आरएफईच्या मुदतीत मिळणं कठीणच.

रूढी नसेल तर पहिला नवरा हयात असताना झालेलं दुसरं लग्न कायद्याने मुळातच रद्द ठरतं, आणि मग मुलीचं सावत्र नातंही उभं राहत नाही. मुलगी अजून लहान असेल तर कोर्टातून घटस्फोट घेऊन परत लग्न करून नवी केस भरायला जागा आहे, १८ ओलांडली असेल तर तो रस्ता बंद. तुमचं स्वतःचं ग्रीन कार्ड याच लग्नावर झालं असेल तर तेही चर्चेत येऊ शकतं, म्हणून काहीही पाठवायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, एजंटला नाही. आणि कोणी मागच्या तारखेचा कागद करून देतो म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका, खोटा कागद सापडला तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो.

प्रश्न: लग्न वैदिक पद्धतीने झालं तेव्हा मुलगा १७ चा होता, पण रजिस्ट्रेशन उशिरा केलं, तेव्हा तो १८ पूर्ण झाला होता. सावत्र मुलाच्या केसमध्ये कोणती तारीख धरतात? – एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर: लग्न भारतात झालं असेल तर विधी झाले ती तारीख धरली जाते, तिथे हिंदू लग्न रजिस्टर केलं नाही म्हणून अवैध होत नाही. दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या लिहिल्यात का बघा आणि भाषांतरात दोन्ही स्पष्ट येऊ द्या. सोबत पत्रिका, हॉलची पावती, गुरुजींचं अ‍ॅफिडेव्हिट आणि हो, इथे मात्र तारखेसकट लग्नाचे फोटो जरूर लावा.