पहिली पंप शॉटगन: मॉसबर्ग ५०० की रेमिंग्टन ८७०?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिनेसोटात राहता, ग्रीन कार्ड झालंय, मित्रांबरोबर ट्रॅप (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायचा खेळ) खेळायचं आहे आणि ऑक्टोबरात फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीला जायचं आहे. बायकोही शिकणार आहे, ती डावखुरी आहे. दोघांत मिळून एकच पंप (पुढचा हातधरा मागेपुढे ओढून काडतूस बदलायची शॉटगन) घ्यायची, तर मॉसबर्ग ५०० की रेमिंग्टन ८७०?

दोघांत एक असेल तर मॉसबर्ग घ्या. दोन्ही मी बरीच वर्षं वापरल्या आहेत, आणि तुम्ही एकटे उजव्या हाताचे असता तर कदाचित ८७० म्हणालो असतो.

आधी तो पोलाद विरुद्ध ॲल्युमिनियमचा वाद बाजूला ठेवू. ८७० ची बॉडी पोलादाची आणि ५०० ची ॲल्युमिनियमची, हे खरं. पण बार उडतो तेव्हा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा ठोकळा, नळीच्याच मागच्या पोलादी भागात अडकलेला असतो, दोन्ही बंदुकांत. दाब तिथेच पेलला जातो, बॉडीवर येत नाही. ८७० १९५० सालची, ५०० साठच्या दशकाच्या सुरुवातीची. दोन्हींच्या एक-एक कोटीच्या वर बंदुका विकल्या गेल्या आहेत. मजबुतीवरून झोप उडवून घेऊ नका.

खरा फरक बोटांखाली आहे. ८७० ची सेफ्टी (चुकून बार उडू नये म्हणूनची कळ) म्हणजे चापाच्या मागे आडवं बसवलेलं बटण. उजव्या हाताचा माणूस तर्जनीने ते उजवीकडून डावीकडे सहज ढकलतो. डावखुऱ्या माणसाचं बोट मात्र नेमकं चुकीच्या बाजूला असतं. आमच्या रेंजवर एक डावखुरी मुलगी ८७० घेऊन यायची. दर वेळी बंदूक खांद्याला लावली की तिचं बोट चापाच्या कड्याखालून वळसा घालून पलीकडे जायचं, बटण दाबायचं आणि पुन्हा चापाकडे यायचं. ट्रॅपमध्ये ‘पुल’ म्हणून चकती सोडायला सांगण्याआधी वेळ असतो, तिथे निभतं. गवतातून फेझंट फडफडत उठला की निभत नाही. त्याहून वाईट म्हणजे बोट घाईत चापाजवळ चाचपडत राहतं. ५०० ची सेफ्टी बॉडीच्या वर, अंगठ्याखाली असते. पुढे सरकवली की लाल ठिपका दिसतो. हात कुठलाही असो, अंगठा तिथेच असतो. फक्त पिस्तूल-मुठीचा दस्ता घेऊ नका, त्यात अंगठा वर पोचत नाही आणि सगळा फायदा गेला.

दुसरी गोष्ट काडतूस भरण्याची. ८७० मध्ये खालची लोखंडी पट्टी आड येते, ती अंगठ्याने वर दाबत काडतूस आत सरकवायचं. नवख्याचा अंगठा त्यात चिमटतो, आणि हातमोजे असले तर फार वैताग होतो. ५०० मध्ये ती पट्टी आधीच वर असते, वाट मोकळी. पंप मोकळा करायची कळ ५०० मध्ये चापाच्या कड्यामागे आहे, पकड न सोडता दाबता येते. ८७० मध्ये ती पुढे आहे. रिकामं काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर ५०० मध्ये स्क्रूने बसवलेला असतो, घरी बदलता येतो. ८७० चा रिव्हेटने ठोकलेला, कारागिराकडे न्यावं लागतं.

८७० च्या बाजूनेही बोललं पाहिजे. पंप मागेपुढे करताना ती लोण्यासारखी चालते. जुनी विंगमास्टर (८७० चीच उंची आवृत्ती) चांगल्या अवस्थेत मिळाली तर हातात घेऊन बघाच, ते निळसर पॉलिश आणि अक्रोडाचं लाकूड आजही मन ओढतं. ५०० चा पुढचा हातधरा थोडा खुळखुळतो. तो दोष समजू नका, तो तसाच असतो.

आता गेज, म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान तितकी नळी रुंद. एकच बंदूक तर १२ गेज, ट्रॅपसाठी एक औंस किंवा ७/८ औंसाची हलकी काडतुसं, २¾ इंची, छर्रा ७½ किंवा ८ नंबरचा. सुरुवातीला ३ इंची मॅग्नम (जास्त जोराची) काडतुसं नकोतच. धक्क्याची भीती एकदा बसली की चाप ओढताना डोळे मिटतात, आणि ती सवय जायला महिने लागतात. नळी २८ इंची, बदलता येणाऱ्या चोकची (चोक म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारं नळीच्या टोकाचं तोंड). फेझंटसाठी मॉडिफाइड (मध्यम आवळ) चोक पुरतो. पुढे बायकोसाठी २० गेजची बँटम (आखूड दस्त्याची छोटी ५००) घेतलीत, तर १२ आणि २० ची काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे घसरून अडकतं. मागून १२ चं घालून चाप ओढला की नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी करतात ती याच भीतीपोटी.

दुकानात बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. दुकानदाराला विचारून, सुरक्षित दिशेला, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नजर सरळ नळीवर धावली आणि अंगठा व नाक यांत दोन बोटांचं अंतर राहिलं, तर दस्ता जमला. नेहमीचा दस्ता सुमारे १४ इंच असतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना, त्यातून वर जाडजूड कोट असला तर, तो लांब पडतो. हे दोघांनीही करून बघा, एकट्याने ठरवू नका.

पंप ओढताना हळुवारपणा नको. अर्धवट ओढला तर रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही किंवा नवीन वर येत नाही, आणि नवखा बंदुकीला नावं ठेवतो. शेवटपर्यंत मागे, शेवटपर्यंत पुढे, जोर लावून. घरी डमी काडतुसांवर रोज पाच मिनिटं सराव करा.

शिकारीचा परवाना काढायचा तर १९७९ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात आधी फायरआर्म सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. बायकोचं नावही आत्ताच घाला. आणि तुमचा एखादा मित्र एच-१बी या कामाच्या व्हिसावर असेल, तर त्याला सांगा की नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्याने तुमच्या बंदुकीलाही हात लावू नये.

घरी आणलीत की चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझिन (जादा काडतुसांची खालची नळी) दोन्ही रिकामी करा, बोटाने चाचपून बघा, बोल्ट उघडा ठेवून केबल-लॉक, म्हणजे तारेचं कुलूप, रिकामं काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून (इजेक्शन पोर्ट) ओवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. घरात पाहुण्यांची मुलं येतात, आणि पलंगाखाली काय आहे ते मोठ्यांच्या आधी त्यांना कळतं.