अर्ध्या एकरावर फवारलं, अर्ध्यावर नाही. उतारा वाढला तर औषध लागू पडलं असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की सोयाबीनच्या अर्ध्या एकरावर समुद्री शेवाळाचा अर्क फवारला आणि अर्धा एकर तसाच ठेवला. फवारलेल्या भागात एकरी साडेआठ क्विंटल पडले, दुसऱ्यात साडेसात. हा एक क्विंटल अर्काचा म्हणायचा का? एवढ्यावरून नाही म्हणता येत. अर्क बिनकामाचा आहे असंही यातून ठरत नाही. तुमच्या रानात काहीही न करता दोन तुकड्यांत किती फरक पडतो, ते तुम्हाला अजून माहीत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

हा फरक केवढा असू शकतो? इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रावर मर्सर आणि हॉल यांनी एक एकर गव्हाचे 500 सारखे तुकडे पाडून प्रत्येकाचं धान्य वेगळं तोललं आणि 1911 मध्ये ते आकडे छापले. सगळीकडे पीक तेच, वागवणूक तीच. तरी सगळ्यांत हलक्या तुकड्यात 2.73 पौंड निघाले आणि सगळ्यांत भारी तुकड्यात 5.16, म्हणजे जवळजवळ दुप्पट. जमिनीची खोली, ओल, जुन्या उकिरड्याची जागा, बांधावरच्या झाडाची सावली, हे सगळं त्या वजनात उतरतं. पुढे 1919 साली रोथॅमस्टेडला आलेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावर जो उपाय मांडला, तोच आजही कृषी विद्यापीठांत चालतो: तुलना एकदा न करता अनेकदा करायची आणि कुठल्या तुकड्यावर काय टाकायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं.

येत्या खरिपात असं करा. चार प्रकार ठेवा: काहीही न फवारलेला, नुसतं पाणी फवारलेला, अर्क फवारलेला, आणि चौथा युरियाचा. चौथा यासाठी, की अशा बाटल्यांवर कधीकधी नत्राचं प्रमाण लिहिलेलं असतं. तेवढंच नत्र युरियातून देऊन तोच फरक दिसला, तर तुम्ही महागडा युरिया विकत घेताय. पाण्याचा प्रकारही गाळू नका, कारण फवारताना पीक तुडवलं जातं.

प्रत्येक प्रकार पाच वेळा, म्हणजे एकूण 20 वाफे. वाफा 5 मीटर लांब आणि 45 सेंटिमीटरवर 8 ओळींचा, म्हणजे 3.6 मीटर रुंद. रानाच्या उताराला आडवे पाच पट्टे आखा आणि प्रत्येक पट्ट्यात चारही प्रकार एकेकदा बसवा. पट्ट्याच्या आतली जमीन शक्य तितकी सारखी हवी. वरच्या आणि खालच्या पट्ट्यात फरक असला तरी चालतो, तो हिशोबात वेगळा काढता येतो. प्रत्येक पट्ट्यासाठी चिठ्ठ्या नव्याने काढा. बांधापासून तीन-चार मीटर सोडा.

फवारणीला हेक्टरी 500 लिटर पाणी धरलं तर 18 चौरस मीटरच्या वाफ्याला 900 मिली लागतं. मात्रा लिटरला 2 मिली असेल, तर एका वाफ्याला अर्क फक्त 1.8 मिली. तो झाकणाने मोजू नका. पाच वाफ्यांना मिळून साडेचार लिटर द्रावण लागतं. पाच लिटर पाण्यात सिरिंजने मोजून 10 मिली मिसळा. आधी पाण्याचे वाफे उरका, मग युरियाचे, शेवटी अर्काचे, आणि मध्ये पंप धुवा. वारा पडलेला असताना फवारा आणि शेजारच्या वाफ्याच्या बाजूला प्लॅस्टिक आडवं धरा.

काढणीला दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडून द्या. मधल्या 4 ओळी, 4 मीटर लांब, म्हणजे 7.2 चौरस मीटर, एवढंच तोलायचं. इथे 50 ग्रॅमची चूक एकरी 28 किलो होऊन बसते, म्हणून काटा 5 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. दाण्यातली ओलही मोजा. 16 टक्के ओलीचे 1.10 किलो दाणे 12 टक्क्यांवर आणले की 1.05 किलोच भरतात.

तोलणाऱ्याला कुठला वाफा कशाचा ते कळू देऊ नका. पोत्यांवर फक्त आकडे टाका. 1963 मध्ये रोझेन्थाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना एकाच जातीचे उंदीर दिले आणि काहींना सांगितलं की तुमचे हुशार आहेत, काहींना सांगितलं मठ्ठ आहेत. ‘हुशार’ उंदरांचे निकाल खरोखर चांगले आले. ज्याने बाटलीला पैसे मोजलेत त्याचा हात खळ्यावर तसाच चालतो, आणि त्याला ते जाणवतही नाही.

एक चूक तर शिकलेली माणसंही करतात: एकाच वाफ्यातली 20 झाडं मोजून ‘20 नमुने’ म्हणतात. ती सगळी एकाच तुकड्यातली, म्हणून नमुना एकच.

हिशोब एक्सेलमध्ये होतो. डेटा ॲनालिसिसमधलं ‘ॲनोव्हा: टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ घ्या, ओळींत प्रकार, स्तंभांत पट्टे. निकालाच्या तक्त्यात ‘एरर’च्या ओळीतला ‘एमएस’चा आकडा (मीन स्क्वेअर, म्हणजे वाफ्यावाफ्यांतल्या आपोआपच्या फरकाचं माप) घ्या, त्याला 2 ने गुणा, 5 ने भागा, वर्गमूळ काढा आणि 2.179 ने गुणा. ही झाली सीडी (क्रिटिकल डिफरन्स), म्हणजे फरक खरा मानायला लागणारी किमान मर्यादा. दोन प्रकारांच्या सरासरींतला फरक याच्या आत असेल तर तो खरा धरू नका.

आता मुद्द्याचं. वाफ्यावाफ्यांतला फरक 10 टक्के धरला, तर पाच पट्ट्यांत सीडी सरासरीच्या साधारण 14 टक्के येते. तुमचा एक क्विंटल म्हणजे 13 टक्के. अर्काने खरोखर 8 टक्के वाढ होत असेल, तर हा प्रयोग बहुतेक वेळा ती दाखवणारच नाही. त्यासाठी निदान 13 पट्टे लागतात, आणि तेवढ्यांतही निम्म्या वेळा ती हुकते. एकट्याच्या रानात हे जड जातं. शेतकरी गटातल्या पंधरा-वीस जणांनी आपापल्या रानात एकेक पट्टा घातला तर भागतं: प्रत्येकाकडे चार वाफे, चिठ्ठ्या आपापल्या, काटा मात्र सगळ्यांचा एकच. रानं वेगवेगळी असल्याने सीडी थोडी वाढेल, पण निकाल एका शेतापुरता राहणार नाही. तोच घाट आणखी एक-दोन हंगाम घाला, कारण पावसाने ताण दिलेल्या वर्षी जे दिसतं ते भरपूर पावसाच्या वर्षी दिसेलच असं नाही.