सासऱ्यांचा टायटर ४ आला, आता पुन्हा लस?

प्रश्न : माझे सासरे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. हिपॅटायटिस बीच्या लसीचे सगळे डोस पूर्ण केले, तरी टायटर ४ आला. आता पुन्हा पहिल्यापासून लस घ्या म्हणतात. सासरे वैतागलेत, ‘सुया काय कमी टोचतात का मला?’ ही लस मीही घेतली आहे. माझा टायटर कधी कुणी विचारला नाही. मग त्यांच्याच मागे हे का?

उत्तर : त्यांचा वैताग मला कळतो. डायलिसिस विभागात परिचारिका म्हणून काम करताना ही तक्रार मी नेहमी ऐकते. तरीही लस पुन्हा घ्यायला लावा, असंच सांगेन.

टायटर म्हणजे लसीमुळे रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण. ते निदान १० हवं. तुमच्यासारख्या निरोगी माणसात ते पुढे घटलं तरी शरीर विषाणूला ओळखतं, म्हणून तुम्हाला कुणी विचारत नाही. किडनी निकामी झाल्यावर प्रतिकारशक्तीच मंदावते. मुळात लस लागू पडायची शक्यता कमी, आणि पडली तरी संरक्षण टायटर १० च्या वर असेपर्यंतच धरायचं. त्यात हा विषाणू मशीनच्या बटणांवर, खुर्चीच्या हातावर सुकलेल्या रक्तात ७ दिवस तग धरतो. रक्ताचा डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असंही नाही.

आधी जुनं लसीकरण कार्ड काढा. डायलिसिसच्या रुग्णाला मोठ्यांच्या नेहमीच्या डोसची दुप्पट मात्रा लागते, बहुतेक ब्रँडमध्ये ४० मायक्रोग्रॅम. म्हणजे २० च्या दोन कुप्या एकाच दिवशी; सुरुवातीला, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. कार्डावर दर वेळी एकच कुपी दिसली, तर टायटर का आला नाही याचं कारण तिथेच सापडेल. इंजेक्शन फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) नसलेल्या हाताच्या दंडात हवं, कमरेत दिलेलं नीट लागू पडत नाही. पुन्हा सुरू करण्याआधी त्यांना हिपॅटायटिस बी आधीच झालेला नाही ना, याची रक्ततपासणी झाली का, तेही डॉक्टरांना विचारा. टायटर न येण्यामागे कधी कधी तेही असतं.

एक गोष्ट मात्र जपा. लसीत विषाणूचं फक्त वरचं प्रथिन असतं, आणि एचबीएसएजी तपासणी नेमकं तेच शोधते. डोसनंतर लगेच रक्त तपासणीला गेलं तर रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. असं १८ दिवसांपर्यंत झालेलं आहे. घरात रडारड होते, रुग्णाला वेगळ्या मशीनवर हलवायची बोलणी सुरू होतात. म्हणून दरमहाची ही तपासणी डोसच्या आधी करून घ्या.

शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी टायटर बघायचा. १० गाठला तर दरवर्षी तपासायचा आणि खाली आला की एक बूस्टर. दुसऱ्या खेपेलाही आला नाही, तर आणखी डोसांचा मारा सहसा करत नाहीत. मग दरमहाची एचबीएसएजी तपासणी चुकवायची नाही, आणि बाधित रक्ताशी संपर्क आल्याची शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं; त्यासाठी तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शन मिळतं.