तेरडा, ओवळ आणि पेस्टलची कांडी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही पेस्टल चित्रे सावकाश पाहिली. पाकळीच्या कडेचा रंग बोटाने न घोटता कांडीचा एकच फटकारा तसाच राहू देण्याचे धाडस तुझ्यापाशी आहे, आणि ते शिकवून येत नाही. माझी हरकत आहे ती फुलांच्या निवडीला. पांढरी लिली पावित्र्याची, लाल गुलाब प्रेमाचा, अशी यादी समोर ठेवून फुलदाणी रचल्याचे चित्रात स्पष्ट दिसते. युरोपात लिलीला तो अर्थ आला, कारण मेरीला देवदूत येऊन वार्ता देतो त्या प्रसंगाच्या चित्रांत ती शतकानुशतके रंगवली गेली. वेंगुर्ल्यात बसून लिली काढायला माझी मनाई नाही. पण तो संदर्भ पाहणाऱ्याच्या मनात नसेल, तर कागदावर नुसता एक पांढरा आकार उरतो.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांकडून घ्यायचेच असेल, तर त्यांची फुले न घेता त्यांची युक्ती घे. त्यांच्या एकाच गुच्छात वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब शेजारी दिसतात. वेगवेगळ्या ऋतूंत केलेल्या अभ्यासचित्रांवरून जुळवलेला असा गुच्छ प्रत्यक्षात कोणत्याच मेजावर उभा राहिला नसता. गळलेली पाकळी, पानावरची माशी, किडीने पाडलेले भोक, अशा बारकाव्यांतून वैभव टिकत नाही हे ते सुचवीत. आपल्याकडे ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीने तेच सांगितले आहे. मात्र आपण तिथे थांबलो नाही. भाद्रपदात कितीतरी घरांत त्याच तेरड्याची रोपे मुळासकट आणून गौर म्हणून पुजली जातात, आणि सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटवीलाही, म्हणजे लाकडी चौकटीलाही, तो बांधतात. जे टिकत नाही म्हणून हिणवले, त्यालाच पाटावर बसवायचे, ही गुंतागुंत तयार यादीतल्या कोणत्याही फुलापाशी तुला मिळणार नाही.

त्याच्या उलट ओवळ, म्हणजे पुस्तकातली बकुळ. ती सुकते, तपकिरी होते, पण वास सोडत नाही, म्हणून तिची माळ कपड्यांच्या ट्रंकेत वर्षभर राहते. उन्हाळ्यातली वाळलेली माळ आणि श्रावणाअखेरचा ताजा तेरडा एकाच पितळी ताटलीत ठेवून बघ. दोन ऋतू एकत्र येतील, आणि आपल्या घरांत ते खोटेही ठरणार नाही.

तेरडा तोडल्यावर लवकर मान टाकतो. तिथे पेस्टल तुझ्या बाजूने आहे, कारण त्यात वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. कांडी म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगद्रव्य, धरून ठेवण्यापुरता थोडासा डिंक. गडद राखाडी कागद घे, आधी सावल्या, मग मधले रंग, आणि पाकळीवरचा फिकट गुलाबी अगदी शेवटी. देठ पाणीदार आणि किंचित तांबूस असतो, पानाची कड दातेरी असते. हे दोन तपशील चुकले तर तो तेरडा राहत नाही. बकुळीला मात्र घाई नको. तिच्या मधल्या भोकातून गेलेला दोरा दिसला पाहिजे, कारण तिला इथे अर्थ येतो तो ओवले जाण्यातूनच. पार्श्वभूमीसाठी ओदिलों रेदोंची पेस्टल फुले अवश्य पाहा. उमेदीची कित्येक वर्षे कोळसा आणि शिलाछापात काळ्या रंगातच काम केल्यावर १८९० नंतरच्या काळात हा फ्रेंच चित्रकार रंगांकडे वळला, आणि त्याच्या बऱ्याच चित्रांत फुलदाणी कशावर उभी आहे हेही धड कळत नाही. तुझ्या चित्रांतला टेबलक्लॉथचा चौकडा, खरे सांगायचे तर, फुलांहून जास्त बोलतो आहे.

स्वस्त संचातले गुलाबी आणि जांभळे रंग उजेडाने उडतात. तेरड्याच्या चित्राला ते साजेसे आहे असे थट्टेने म्हणता येईल, पण चित्र विकत घेणाऱ्याला ते पटणार नाही. तेवढ्या दोन-चार कांड्या चांगल्या प्रतीच्या घे. रंगाची पूड कागदावर धरून ठेवणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा जपून मार, त्याने फिकट छटा काळवंडतात. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, म्हणून चित्र बाहेरच्या भिंतीला टांगू नकोस, आणि फ्रेमवाल्याला काच व कागद यांच्यामध्ये पट्टी घालून फट ठेवायला बजावून सांग. अ‍ॅक्रिलिकची शीट तो स्वस्तात देऊ करील; ती घासली की तिच्यात स्थिर वीज येते आणि पूड ओढली जाते, तेव्हा साधी काचच माग.

तुझ्या पुढच्या चित्राची वाट पाहत आहे.

तुझे सर